उरलेले वापर

हुपरीचे बाळगोंडा, वय एकसष्ट,
ऑपरेशनच्या आदल्या रात्री विचारतात,
"सिस्टर, त्या मशीनचा हात थरथरतोय काय वो?"
नाही म्हटलं.
"माझा थरथरतोय. दोन वर्सं झाली."
आणि बोटं चादरीवर पसरतात.
चाळीस वर्षांची चांदी नखांच्या कडांत काळी.

फायलीत लिहिलंय, स्वादुपिंड, शेपटाकडची गाठ.
काय नाव ठेवलंय कुणी!
आधी स्वाद, मागोमाग पिंड,
मध्ये एका उकाराचं अंतर.
खर्डा चाखून घर ओळखणाऱ्या या मुलखात
तीन महिने यांना भाकरी मातीसारखी लागते.

यंत्राला स्पर्श नसतो, हेही मी बोलून गेले,
सांगू नये ते.
शीर किती ताणली, बोटाला कळत नाही,
डोळ्यांनीच ओळखायचं.
बाळगोंडा हसले.
"मग डाक देताना आमी कुठं हात लावतोय?
रंग बघायचा. वितळायच्या आदी चांदी
एकदा लाजल्यागत करत्या.
तेवढ्यात फुंकणी बाजूला."

सकाळी सात. यंत्राचे चार हात
मी प्लास्टिकच्या बाह्यांत घालते, एकेक,
शाळेला उशीर झालेल्या पोराला स्वेटर घालावा तशी.
इंगवले मॅडम अनवाणी
कोपऱ्यात जाऊन बसतात,
पेशंटकडे पाठ, डोकं खोबणीत,
तळव्यांखाली पेडल.
तिकडे त्यांचं मनगट वळतं
आणि इकडे, पोटाच्या आत,
वाटाण्याएवढं मनगट वळतं.

प्लीहेच्या शिरेपासून गाठ सुटायला
पावणेदोन तास.
बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं,
पार लांब जाईपर्यंत ऐकू आलं.
मॅडम एकदाच म्हणाल्या, "थांबा."
आम्ही थांबलो. चारही हात थांबले.
पडद्यावर शीर निळी, तटतटलेली,
आणि मला उगाच वाटलं,
लाजते आहे.

आवळ्याएवढी गाठ. पिशवीतून बाहेर, बरणीत.
रिपोर्टला आठ दिवस.

संध्याकाळी अवजारांचा हिशेब.
प्रत्येक चिमट्याचं आयुष्य यंत्राला पाठ असतं,
ते स्वतःच पडद्यावर दाखवतं,
उरलेले वापर: सहा.
मी आकडा वहीत उतरवते.
खाली वॉर्डात बेड नंबर अकराला
असा कुठलाच पडदा नाही.

चौथ्या दिवशी ते पोटावरची भोकं मोजतात.
"पाच. कडी ओवाय बरी हाईत."
मग खाटेच्या दांडीवर नख वाजवून
कान लावतात.
"स्टील हाय," म्हणतात,
"पर भेसळीचं."