वाटी

आमच्या सुदामा नगरात नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे साडेचारला, पावणेसहाला परत जाते.
तेवढ्यात पोर्चमधला हौद,
मोटर लावून गच्चीवरची टाकी,
मग पिंप, बादल्या, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा.
रिकामं भांडं दिसलं
की इथं माणसाला चैन पडत नाही.

मुलगी झाली. नाव ठेवलं रेवा.
वरच्या मजल्यावरून मालवीयजी ओरडले,
"लो, अब तो रोज आएगी!"

नवव्या महिन्यात ती रांगू लागली.
दहाव्यात केतकीनं मला गुडघ्यांवर उतरवलं:
"एकदा तिच्या उंचीवरून बघ घर."
मी हसलो, मग रांगलो.
बाथरूमचा उंबरा दोन बोटांचा.
बादलीचा काठ उभं राहायला अगदी बेताचा,
आणि आत, वीतभर पाण्यात,
ट्यूबलाइट हलत होती, हाक मारल्यासारखी.
वाकलो तर डोकं जड झालं.
तिचं तर निम्मं वजन डोक्यातच.
"वीतभर पुरतं," केतकी म्हणाली.
ती एम.वाय.त मुलांच्या वॉर्डात नर्स आहे.
याहून जास्त ती घरी कधी बोलत नाही.

त्या रात्री सगळ्या बादल्या ओतल्या,
ओळीनं पालथ्या घातल्या.
आजवर पालथ्या घड्याला उगाच नावं ठेवली
असं वाटलं.

उरला हौद.
झाकण जुनं, लोखंडी, कडा गंजलेल्या,
एकट्याला पुरतं उचलेना
म्हणून सगळेच अर्धं सरकवायचे
आणि अर्धंच विसरायचे.
मालवीयजींना मी तीनदा सांगितलं.
ते तीनदा "हां हां" म्हणाले.
शेवटी लोहा मंडीतून इस्माईलभाईंना आणलं.
बिजागरीचं झाकण, कडी, कुलूप,
आणि खाली जाळी, बोटभर भोकांची.
"दो-दो ढक्कन? घर में बच्चा है?"
एवढंच विचारलं त्यांनी.
भाव त्यांनी वाढवला नाही, मी पाडला नाही.
किल्ली उंच खिळ्याला.

वैशाखात कुठंतरी पाइप फुटला,
चार दिवस नर्मदा नाही.
हौद तळाला गेला तसा मी आत उतरलो
खराटा घेऊन.
गाळात कपड्यांचा चिमटा,
एक दोन रुपयांचं नाणं,
आणि वाटी.

चांदीची, छोटी, उष्टावणाला मामानं दिलेली.
मार्गशीर्षात हरवली होती,
रेवा नुकती रांगू लागली तेव्हा.
सोफ्याखाली, कपाटामागे, कचऱ्यातसुद्धा शोधली.
चार दिवस आम्ही रामकन्याबाईंच्या पिशवीकडे
बघून न बघितल्यासारखं केलं.
पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या,
"भैया, पिशवी तपासून घ्या."

जाळीतून वाटी जात नाही.
म्हणजे जाळीच्या आधीची.
दारापासून हौदापर्यंत मोजली मी नंतर,
अकरा रांगणी.
ती तिथवर गेली होती.
काठावर बसली असेल. वाटी सोडली असेल.
डुब्ब.
आवाज आवडला असेल.
मग वाकून पाहिलं असेल का,
का मांजर गेलं मागून,
का केतकीच्या फोनची रिंग वाजली?
कोण होतं घरात? मीच होतो बहुतेक.
झाकण त्या दिवशी मालवीयजींनी सरकवलं की मी,
हे आता हौदालाच ठाऊक.

वर पाहिलं. चौकोनी उजेड,
आणि त्यात तिचं तोंड उलटं,
केतकीनं कमरेला घट्ट धरलेलं.
"बा," ती म्हणाली.
आवाज भिंतींवर आपटत खाली आला,
बा, बा, बा.
मला शिडी लगेच सापडेना.

केतकीला रात्री सांगितलं.
ती उठली, कुलूप ओढून पाहून आली, झोपली नाही.

सकाळी ओट्यावर वाटी होती.
काय बोलावं ते मी दाढी करताना जुळवत होतो.
रामकन्याबाई आल्या. वाटीकडे पाहिलं.
राखेनं घासली, पदराला पुसली,
आणि फळीवर ठेवली, पालथी.