सुळ्यामागची दुसरी

अनाजी कुबल तिसऱ्यांदा उठून गेले खुर्चीवरून.
"उद्या बघूया," म्हणाले, आणि चपला घालताना
कुणी बघत नाही असं समजून उजवा गाल तळहातात धरला.
मी बघत होते.
काउंटरवर बसणारीला दुसरं काय काम?

कार्डावर डॉक्टर नाबरांचं बारीक अक्षर:
खालची उजवी, सुळ्यामागची दुसरी. रूट कॅनल, वर कॅप.
खाली तीन तारखा.
तिन्हींपुढे एकच शेरा, तयार नाहीत.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं.
दांडीवरून ओला वारा, सुक्या बांगड्याचा वास घेऊन आत.
"एक्स-रे दाखवला," डॉक्टर म्हणाल्या, "चित्र काढलं,
मराठीत सांगितलं, मालवणीत सांगितलं.
आता आणखी काय करू?"

शमा हातमोजे काढत होती, एकेक बोट सोडवत.
"तुम्ही फोनवर बाहेर गेलात तेव्हा मला विचारलं त्यांनी,
'ह्या दातान मगे सूत तोडूक गावतला मां?'
मला वाटलं, गंमत करतायत."

गंमत कुठली.
जाळं सांधताना हातात सुई, मांडीवर भोक,
गाठ बसली की सूत दाताखाली, टच्.
चाळीस वर्षं, त्याच दाताखाली.

मग मलाही आठवलं.
मला त्यांनी हळूच विचारलं होतं, कॅलेंडरकडे बघत,
"पैशे एकदम भरूचे लागतत?"
जून होता. होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
मी बोर्डावर होतं तेच सांगितलं: अर्धे आधी.
आवाजही बोर्डासारखाच असणार माझा.

पास्कू फर्नांडिस कुणाची तरी कवळी द्यायला कुडाळहून आलेला,
दारातच उभा, छत्री निथळत.
"कॅप त्यांच्या हातात दिलीत कधी?" म्हणाला.
नव्हती दिली.
सगळं तोंडाने सांगत होतो, आणि त्यांच्याच तोंडाबद्दल.

मी उत्साहात म्हटलं, "रापण ओढतात तसं करूया, चौघं मिळून."
डॉक्टर हसल्या नाहीत.
"ओढणारे किनाऱ्यावर. मग अनाजी कोण? बांगडा?"

बराच वेळ नुसता पाऊस ऐकला आम्ही.

चौथ्यांदा आले ते माझ्या फोनमुळे की दुखण्यामुळे, ठाऊक नाही.
डॉक्टरांनी आरसा त्यांच्याच हातात दिला.
पास्कूने ठेवून गेलेली कॅप तळव्यावर ठेवली.
त्यांनी ती नखाने खरवडली, उजेडाला धरली,
कल्ले उचकटून मासा बघावा तशी उलटसुलट बघितली.
"आणि सूत?"

"सूत नाही," डॉक्टर म्हणाल्या.
"भाकरी, सुकट, कुर्ल्यांचं सार, सगळं खा.
कुर्लीची नांगी फोडू नका. सूत तर नाहीच.
खोटं नाही सांगणार."

मला वाटलं, झालं. आता चपला.

"मगे कातर घेवची लागतली," ते म्हणाले, स्वतःशीच.
"ती खाऱ्यान गंजता."

शमाने खालचा खण उघडला.
टाके कापायची जुनी कातर, धार जराशी बसलेली.
"ही नाही गंजत," म्हणाली. "हजार वेळा उकळलीय."
त्यांनी बोटं घालून दोनदा हवा कापली.

मग माझ्याकडे वळून, "पैशे?"
"नारळी पुनवेनंतर," मी म्हटलं. "होडी लोटल्यावर, जमेल तसे."
बोर्ड डॉक्टरांनी कालच उतरवला होता.
भिंतीवर चौकोनी पांढरा डाग,
तेवढाच जरा नवा.

हो असं ते म्हणालेच नाहीत.
खुर्चीत टेकले, डोळे मिटले,
आणि तोंड उघडायच्या आधी शर्टाच्या खिशावर हात ठेवला,
कातर आहे ना, चाचपायला.

चौथ्या तारखेपुढे मी काही लिहिलं नाही.