बॅकडाऊन

अंबाझरीहून फोन येतो पावणेबाराला:
"कोराडी, युनिट खाली घ्या."
किती?
"तळाला."

तळ म्हणजे तीनशे त्रेसष्ट.
त्याखाली ज्योत डगमगते, तेल पाजावं लागतं,
आणि तेलाच्या थेंबाथेंबाचा जाब मागायला वर माणसं आहेत.
मी एक मिल बंद करतो.
पडद्यावरची रेघ उतरू लागते,
नवतप्यात सावली धरून बसणाऱ्या माणसासारखी.

बाहेर सेहेचाळीस.
याच उन्हासाठी आम्ही शहरभरचे कूलर फिरवायचो.
आता ऊनच आपले कूलर फिरवून घेतं.

तेजराम नंदेश्वर, बॉयलरवर तेहतीस वर्षं.
झरोक्यातून ज्योत बघून सांगायचा
कोळसा सिलेवाड्याचा की उमरेडचा.
परवा म्हणाला, "हे मशीन चालासाठी बनलं होतं बाप्पा,
उठबशा काढासाठी नाही.
रोज तापवता, रोज निववता,
लोखंड काहून नाही थकणार?"
पंधरवड्यात नळी फुटली.
केसाएवढी चीर,
चार दिवस युनिट गप्प.

हुडकेश्वरला माझ्या छतावर आठ पॅनेल आहेत.
लपवलेली नाहीत,
फक्त इथे कुणी विचारलं नाही.
दुपारी वैजयंती मीटरचा फोटो पाठवते:
आज आतापर्यंत अकरा युनिट!
मी अंगठा पाठवतो
आणि दुसरी मिल बंद करतो.

सहा वाजता अंबाझरीचा आवाज बदलतो.
"उचला. लवकर उचला."
मानकापूर, जरीपटका, मानेवाडा,
छतं एकेक करून विझतात
आणि खाली सगळे कूलर तसेच घरघरतात.
मिनिटाला सहा मेगावॅट, त्याहून घाई नाही;
जाड धातूला वेळ द्यावा लागतो,
रागावलेल्या माणसाला देतात तसा.
फोनवरच्या पोराला हे पटत नाही.
त्याच्या पुढ्यात अख्ख्या राज्याची संध्याकाळ असते.

साडेआठला पुरे सहाशे साठ.
त्यातली चिमूटभर हुडकेश्वरला जाते,
वैजयंतीच्या उशाशी वारा घालायला.
राख वारेगावला जाते.

शिफ्ट संपताना लॉगबुक भरतो.
दुपारी बारा ते सहा, तळाला.
कारणाच्या रकान्यात
'ऊन' लिहावंसं वाटतं.
'आदेशाप्रमाणे' लिहितो,
आणि पेन तेजरामकडे देतो.
तो सही करण्याआधी
सवयीने
झरोक्याकडे बघतो.