उसवण

भंगाळे साहेब बाजाराच्या दिवशी आले,
दुकानात पाय ठेवायला जागा नसताना.
पिशवीत दोन भरताची वांगी,
वांग्यांखाली रुमाल,
रुमालात पाच पदकं.
"फिती कसरीनं खाल्ल्या, सुपडू. नव्या लाव."

मी रंग विचारले.
डोळे मिटून सांगितले त्यांनी,
भावंडांची नावं सांगावीत तसे:
वीरचक्राचा अर्धा निळा, अर्धा केशरी, सरळ उभा.
त्याच्या शेजारचा राखाडी-केशरी, तिरपा.
"तिरपा म्हणजे तिरपाच.
आडवा शिवशील तं बँडवाल्याचं होईल."

निळा होता, शाळेच्या गणवेशातला.
केशरी मंडळाच्या उरलेल्या फेट्यात सापडला.
राखाडीसाठी भुसावळच्या एका रिटायर बाबूची
सफारी कातरली. त्याचा मुलगा टाकूनच गेला होता ती,
आखूड करायला म्हणून.

यावलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे
एकाहत्तरला साहेब लढाऊ विमान उडवत होते.
पंधरा ऑगस्टला पोरं विचारतात, किती पाडली?
साहेब केळीचा भाव सांगतात.
मोठा माणूस पण साधा, म्हणतं गाव,
थंडीतसुद्धा पायात वहाणाच.

स्टुलावर बसून ते मशीनच्या सुईकडे बघत होते.
मी दोरा तोडला, गाठ मारली,
तेव्हा म्हणाले,

"हे ज्या सकाळचं हाये ना,
त्या सकाळी माह्ये बोटं गारठले व्हते.
नाड्या बांधता येत नव्हत्या बुटाच्या.
भोंगा झाला. कोशीनं बांधल्या माह्या,
दोन्ही पायाच्या, डबल गाठ.
मंग सोताच्या बांधाले वाकला.
मी पयत सुटलो.
वरून पाह्यलं तं धावपट्टीच्या टोकाले
धूर."

दुकानात एक बाई ब्लाऊजसाठी थांबली होती,
ती माप विसरली.
मला काही सुचेना. मी पदकं पुसली,
पुसलेलीच परत पुसली.
"गाठ मागून आहे साहेब," म्हटलं, "दिसणार नाही."
त्यांनी अंगठ्यानं ती चाचपली,
बराच वेळ.

पैसे मी घेतले नाहीत.
बाहेर पायरीवर उन्हात वहाणा तापल्या होत्या,
न वाकताच त्यांत पाय सरकवून
ते गर्दीत गेले.

वांगी मशीनवरच राहिली.
विसरले की ठेवली, कोण जाणे.
संध्याकाळी कपाशीच्या काड्यांवर भाजली आम्ही.
बायको म्हणाली, गोड आहेत. मळ्यातली का?