आकडा

आमठाण्याच्या धरणात, मनोऱ्याच्या अंगावर
पांढरी पट्टी आहे, मीटरामीटराने वर चढलेली.
बाबा महिना विचारत नाहीत.
फोन लागला की पहिला प्रश्न: बाय, आकडो कितलो?
(गळालाही ते आकडाच म्हणतात.
कुठल्याविषयी बोलतायत ते आवाजावरून ओळखायचं.)

गुडघे गेल्यापासून बांधाच्या पायऱ्या त्यांना होत नाहीत.
मी रविवारी पणजीहून पहिली बस धरते,
डिचोलीला मावसभावाची स्कूटर घेते,
आणि पाण्याशी उभी राहून
त्यांना तळं वाचून दाखवते.

एकोणपन्नास. म्हणजे कार्तिक उलटला.
"कमळांची कड धर. मधे नको शिरू.
मरळ सावलीत बसलेली असते,
दुकान उघडून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या शेटीसारखी."
रबरी बेडूक पानावर टाकायचा,
थांबायचं,
मग असा ओढायचा
की बेडकालाच वाटावं, आपण उडी मारली.
पाणी फुटलं तरी लगेच उचलायचं नाही.
मनात तीन गाड्या मोजायच्या.
बाबा सेकंद मोजत नाहीत;
खाणीच्या फाट्यावर रांगेत वीस वर्षं काढलेला माणूस.

तो बेडूक त्यांच्या टिपरच्या ट्यूबचा.
खाण बंद पडली त्या वर्षी गाडी अंगणात लागली
ती लागलीच.
आधी बॅटरी गेली, तिच्या शिशाची वजनं झाली.
मग ट्यूब.
मग आरशाची दांडी, जिच्यावर अजून दोरा गुंडाळतो.
आई म्हणायची, हप्ते फिटेपर्यंत
हा माणूस अख्खी गाडी तळ्यात टाकणार.

पौषात सत्तेचाळीस. सकाळी पाणी हाताला चावतं.
तेव्हा घाई करील तो उपाशी.
ऊन डोक्यावर येऊ द्यायचं, गांडूळ लावायचं,
आणि दोरा इतका हळू आणायचा
की मधे डबा खाऊन व्हावा.

चैत्र सरताना एक्केचाळीस.
बुडालेली खोडं वर येतात, काळी, गुळगुळीत.
मासा खोल जातो, मनोऱ्याच्या सावलीत.
उजाडायच्या आधी तासभर, बस्स.
पलीकडच्या काठावर मगर ऊन खायला आली
की त्या दिवसापुरतं तळं तिचं.
ह्यावर बाबांचा वाद नसतो.

गेल्या आषाढात पट्टी बावन्नाला भिडली.
मी आकडा सांगितला आणि ते गप्प.
मग म्हणाले, गवत बुडलंय तिथे बघ.
तांबडं काही दिसतं?

दिसलं.
तांबड्या मुंग्यांचं घरटं पाण्यात पडून फुटावं तसं:
शेकडो पिल्लं, एकाच जागी उकळणारी,
आणि त्यांच्याखाली दोन लांब सावल्या
एकमेकींना ओलांडत.

अशा ठिकाणी बेडूक टाकला तर मरळ हमखास येते.
भुकेने नाही. रागाने.
हे पंपघराजवळच्या पोरांनाही ठाऊक आहे.
मलाही होतं. आकडा बोटातच होता.

"दोरा गुंडाळ," बाबा म्हणाले.
गुंडाळला.
फोन चालूच राहिला. त्यांच्या बाजूने
टिपरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"कितलीं आसतलीं गे?"
मी मोजायला लागले.
ती एका जागी राहीनात. तेवढ्यात
एक सावली वर आली,
हवेचा घोट घेतला,
आणि मला बघून, खाली न जाता,
तिथेच थांबली.

आकडा काही सांगता आला नाही.