दोन सेकंद

फोनवर बाईंनी एवढंच सांगितलं:
वॅगन-आर, राखाडी, दोन हजार चौदाची,
चाव्या दोन, दोन्ही चालू.
मग काम काय? मी विचारलं.
म्हणाल्या, एक कमी करायचीय.

मी चाव्या वाढवतो. कुर्ल्याला, सीएसटी रोडवर
अकरा वर्षं तेच.
हरवलेल्या, गटारात गेलेल्या,
वॉशिंग मशीनमधून स्वच्छ धुऊन निघालेल्या,
एक तर कुत्र्यानं चघळलेली.
कमी करायला कुणी बोलवत नाही,
ड्रायव्हर पळाला तरच.

मुलुंड पूर्व. दुपारचे अडीच.
बाई जिन्याकडे बघत, आवाज अगदी बारीक:
"पपा झोपलेत. एक्याऐंशी पूर्ण.
परवा टोलनाक्याशी उलट्या बाजूनं शिरले.
चावी मागितली तर देत नाहीत.
तुम्ही गाडीलाच सांगा."

गाडीलाच सांगा.

स्टिअरिंगखाली वाकून मी वायर जोडली.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी:
चावीच्या काळ्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते.
तिला सेल नाही, काही नाही.
कुलपाभोवतीची तांब्याची कडी हाक मारते
तेवढ्यापुरती ती जागी होते,
आपला नंबर सांगते, परत झोपते.
दात जुळले म्हणून गाडी कुणाची होत नाही.

मशीननं विचारलं: सगळ्या चाव्या पुसायच्या?
हो.
मग बाईंची चावी लावली. एक बीप.
नोंदलेल्या चाव्या: १.
पंधराशे सांगितले होते, बाईंनी दोन हजार दिले.
पाचशे काढायला हात खिशात गेला
आणि तिथंच राहिला.

नवव्या दिवशी फोन.
"धारप बोलतोय, मुलुंडहून.
मागच्या काचेवर तुमचा स्टिकर आहे.
गाडी दोन सेकंद चालते आणि बंद पडते."
स्टिकर! सवयीनं चिकटवून आलो होतो.

गेलो.
इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, कंगवा फिरवलेला,
म्हातारा कुठं तरी निघाल्यासारखा बसलेला.
चावी घातली. फिरली. इंजिन धरलं,
एक,
दोन,
गप्प.
डॅशबोर्डवर चावीचं लाल चित्र मिचमिचत राहिलं.
मी वायर जोडली, काढली, पुन्हा जोडली,
कॉइल, फ्यूज, ओलावा, असलं काहीबाही बोललो.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी टेलिफोनमध्ये होतो," मग म्हणाले,
"तेहतीस वर्षं, घाटकोपरला.
बिल थकलं की आम्ही वायर कापत नव्हतो.
टोन तसाच यायचा.
नंबर फिरवला की मात्र शुकशुकाट.
लोकांना वाटायचं, फोन बिघडलाय.
तक्रार घेऊन आमच्याकडेच यायचे."

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"शर्मिष्ठेनं किती दिले?"
"दोन हजार."
"जास्त दिले."

मी पाचशेची नोट गिअरपाशी ठेवली.
तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.
चावी अर्धीच फिरवली, रेडिओ लावला.
लागला. कुणी तरी उद्याच्या भरतीची वेळ सांगत होतं.
"एवढं तरी राहू द्या. हे नका पुसू."
हे पुसता येत नाही, मी म्हटलं,
रेडिओ नंबर विचारत नाही.

"मला कळलंय ते तिला सांगू नका."
"नाही सांगत. पण काका, असा रोज लावलात
तर बॅटरी उतरेल.
आठवड्यातून एकदा इंजिन चालवावं लागेल.
तिच्या चावीनं."

ते थोडा वेळ बोटानं स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिले.
"म्हणजे तिला खाली यावं लागेल," म्हणाले,
"रविवारी."
आणि आवाज जरा वाढवला, रेडिओचा.

निघताना मागच्या काचेवरचा स्टिकर नखानं खरवडला.
नाव निघालं.
नंबर राहिला.