उत्तरं मागच्या पानावर

एकतीस वर्षं दांडिया बाजारातल्या शाळेत
मी गणित शिकवलं.
मुलाचा हात वर येण्याआधी मला कळायचं
हातचा कुठे राहिला.
त्यानं तोंड उघडलं की वाक्य मी पुरं करायची,
वर्ग म्हणायचा, दिघेबाई हुशार.

आता सूरसागरच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
दंतवैद्याला लागून असलेल्या खोलीत
दर बुधवारी दोन खुर्च्या मांडते.
समोरासमोर नाही, जरा तिरप्या,
म्हणजे येणाऱ्याला खिडकीकडे बघता येतं.
टेबल नाही. फळा नाही.
सुरुवातीला बोटांना खडू आठवायचा,
अंगठा उगाच तर्जनीवर घासत राहायचा.

पेरीनबेन आम्हाला शिकवतात. शिकवतात म्हणजे
काहीही विचारा, म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं?"
महिनाभर राग यायचा:
फी त्यांची, आणि उत्तरही मीच द्यायचं.
एकदा सरावाचं रेकॉर्डिंग ऐकून एवढंच म्हणाल्या,
"ती अजून लिहीत होती, दिघेबेन.
तुम्ही पाटी पुसलीत."

त्या रात्री हेमांगी सुर्वे आठवली.
सातवी ब. त्रैराशिक सोडवताना
तिनं पानभर रेघा ओढल्या होत्या,
पाच-पाचाच्या जुड्या बांधून. उत्तर बरोबर होतं.
मी लाल शाईनं लिहिलं: रीत चूक.
तिनं मान हलवली.
पुढे वर्षभर ती माझ्या रीतीनं चुकत राहिली.

केतुल म्हणू त्याला, खरं नाव खोलीतच राहू दे.
मकरपुऱ्याहून येतो, लेथवरची पाळी संपवून,
नखांत काळं तेल, वय तेवीस.
वडील गेले तेव्हा हा शेजारच्याच खाटेवर
कानात बोंडं घालून मॅच बघत होता.
तिसऱ्या बुधवारी सांगितलं, गुजरातीत,
आणि थांबला.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं.
अरे, तुझा काय दोष. काळासारखं औषध नाही.
आता आईकडे बघ.
मराठीत तयार, गुजरातीत तयार,
पुस्तकाच्या मागच्या पानावर असतात तशी,
क्रमांक घातलेली.
गिळली.
बाराव्याला आलेल्या प्रत्येकानं
त्याला हीच दिली असणार.

मी म्हटलं, हं.

हं किती तऱ्हेचं असतं
हे मला साठीनंतर कळलं.
समजलं, पुढे बोल, असं हं.
पुरे आता, असं हं.
वर्गात मी तेच वापरायची.
आणि एक, ज्यात काही घातलेलंच नसतं.
शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये म्हणतात,
ही मात्र रिकामीच पुढे धरायची.

पंखा. भिंतीपलीकडे दातावरचं यंत्र.
अकरा मिनिटं. मोजली मी, सवय जात नाही.
मग तो म्हणाला,
विश्वामित्रीच्या पुलावर पप्पा मगर दाखवायला न्यायचे.
लोक दगड मारायचे, हलावी म्हणून.
पप्पा मला मारू द्यायचे नाहीत.
म्हणायचे, तिला वाटेल तेव्हा येईल वर.
कठड्याला टेकून उभे राहायचो, पाय दुखेपर्यंत.

आली का, हे मी विचारलं नाही.
विचारायचं होतं. अजूनही आहे.

निघताना दारात सँडल चढवत म्हणाला,
"तुम्ही तर काहीच सांगितलं नाहीत."
तक्रार होती का, मला माहीत नाही.
पेरीनबेनना विचारून उपयोग नाही,
काय म्हणतील ते पाठ आहे.

घरी शिकवणीची एकच मुलगी उरलीय, निशिगंधा.
अपूर्णांकांशी तिचं वैर.
आज तिनं तीन छेद पाचच्या खाली
पोळीचे तुकडे काढले, एक जरा मोठा.
मी लाल पेन हातात धरलं, टोपण न काढता.
म्हटलं, सांग.
तिनं आधी माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधलं,
भुवईवर, ओठांच्या कोपऱ्यात,
जिथे ते नेहमी सापडायचं.
नव्हतं.
मग वहीत बघायला लागली.